डायनोचं बिल: चाकावरचे घोडे आणि कागदी घोडे

ब्रोशरवर ११५ पीएस, आणि गाडीची ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावरून हातात आलेल्या कागदावर १००. गॅरेजबाहेर पडताना मालकाच्या डोक्यात एकच प्रश्न: पंधरा घोडे खाल्ले कुणी? कंपनीने फसवलं, की गाडी थकली? बहुतेक वेळा दोन्ही नाही. पण याच शंकेपोटी पुढचे पंचवीस-तीस हजार खर्च होतात. म्हणून गाडी रोलरवर चढवण्याआधी हिशेब समजून घ्या.

घोडे जातात कुठे?

ब्रोशरमधला आकडा इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरचा. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत तो प्रमाणित होतो, तेव्हा इंजिन टेस्ट बेंचवर असतं, रस्त्यावरच्या चाकांना जोडलेलं नसतं. गॅरेजमधला डायनो मोजतो तो चाकावर. मधल्या वाटेत गिअरचे दाते घासतात, दाट तेल घुसळलं जातं, बेअरिंग फिरतात, टायर रोलरवर दबतो. या सगळ्याची उष्णता होते. घाट चढून आल्यावर गिअरबॉक्सचं आवरण हात लावू देत नाही, त्यात हरवलेल्या घोड्यांचाही वाटा असतो.

ढोबळ अंदाज असा: पुढची चाकं ओढणाऱ्या मॅन्युअल गाडीत १० ते १५ टक्के, मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत १५ ते २०. मागच्या डिफरन्शियलमध्ये ताकदीला काटकोनात वळावं लागतं, म्हणून तिथे जास्त. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक किंवा चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर आणखी. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ११५चे १०० म्हणजे १३ टक्के घट. गाडी ठणठणीत आहे.

एककही पाहा. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. ब्रोशर एकात आणि कागद दुसऱ्यात असला, तर दीड घोडा तिथेच हरवतो.

खर्च किती?

मोटारीच्या तीन रनसाठी, म्हणजे मोजणीच्या तीन फेऱ्यांसाठी, ३ ते ६ हजार रुपये धरून चला. शहर आणि यंत्र यानुसार दर बदलतो. त्यावर १८ टक्के जीएसटी: ४,००० सांगितले तर बिल ४,७२० होतं. चाकं काढून थेट हबला जोडायचा डायनो असेल, तर मजुरी वेगळी आहे का ते विचारा. पेट्रोल तुमचं. रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं, करणारच असाल, तर आधीचे आणि नंतरचे रन त्या पैशांत धरलेत का, हे लेखी घ्या.

रोलरवर काय होतं?

गाडी पट्ट्यांनी आवळतात, नाकासमोर मोठा पंखा लावतात आणि साधारण चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत पेडल पूर्ण दाबून ठेवतात. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. टर्बो गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या रनला आकडा थोडा पडतो, कारण इंजिनात जाणारी हवा तापलेली असते. म्हणून सर्वात मोठा आकडा घरी नेऊ नका, तिन्ही मागून घ्या.

कागदी घोडे ओळखा

काही ठिकाणी चाकावरचा आकडा ०.८५ने भागून ‘क्रँक पॉवर’ छापून देतात. मोजला एक, छापला दुसरा. समजा, रीमॅपनंतर चाकावर १००चे १२० झाले. खरी वाढ २०. भागाकार केला की ११७.६चे १४१.२ होतात आणि वाढ दिसते साडेतेवीस. तेल घुसळण्याचा बराचसा भार इंजिनाच्या ताकदीवर नव्हे, वेगावर अवलंबून असतो. इंजिन जोमदार झालं म्हणून नुकसान त्याच टक्क्याने वाढत नाही. त्या साडेतीनांतले बरेचसे कागदी घोडेच. काही यंत्रं रननंतर क्लच दाबून चाकं मंदावू देतात आणि त्यावरून ओढ मोजतात. ती पद्धत सरसकट टक्क्यापेक्षा बरी, पण तीही अंदाजच.

दुसरी जागा हवामान-दुरुस्तीची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवा विरळ, म्हणून आकडा गुणकाने वाढवतात. टर्बो ही विरळता बरीचशी स्वतःच भरून काढतो, त्यामुळे त्याला पूर्ण गुणक लावला की आकडा फुगतो. कागदावर दुरुस्तीची पद्धत ‘एसएई’ आहे की ‘एसटीडी’, ते बघा. ‘एसटीडी’चा आकडा काही टक्क्यांनी मोठाच येतो.

बुकिंगआधी

टायरची हवा कंपनीने सांगितलेली ठेवा, इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर तपासा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करता येतो का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. कायम चारही चाकं ओढणारी गाडी दोन चाकांच्या डायनोवर चढवू देऊ नका, मधली यंत्रणा खराब होऊ शकते. रीमॅप केल्यास वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं आणि विमा कंपनीला कळवणं तुमच्या हिताचं आहे.

निकाल

एकटा कागद मित्रांना दाखवण्यापुरता. किंमत आहे ती दोन कागदांमधल्या फरकाला: यंत्र तेच, गिअर तोच, टायरची हवा तीच, दुरुस्तीचा गुणक तोच, एक रन काम करण्याआधीचा, एक नंतरचा. असे दोन कागद घेणार असाल तरच बुकिंग करा. नाहीतर त्या पैशांत गाडीचं ऑइल बदलून घ्या.