दवाखान्याच्या दाराशी

शास्त्रपाठ : मार्क ५:२५-३४

या पाठातील स्त्री बरी झाली हे आपण वर्गात नेहमी शिकवतो. परंतु बारा वर्षांच्या दुखण्यात तिची सारी पुंजी वैद्यांपायी गेली होती, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गरीब देशांतील कितीतरी घरांची आजही हीच गत आहे.

१९७८ साली अल्मा-आटा येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय मान्य केले. पुढे अनेक देश कर्जात बुडाले. १९८७ साली जागतिक बँकेने सुधारणा सुचवली, की सरकारी दवाखान्यांनी रोग्यांकडून शुल्क घ्यावे. हेतू वाईट नव्हता. त्या पैशातून औषधे यावीत, आणि अगदी गरिबांना माफी असावी. पण गरीब कोण हे ठरवणार कसे? माफी बहुधा कागदावरच राहिली, आणि ज्याच्या गाठीला पैसा नव्हता तो दुखणे अंगावर काढीत घरीच बसला.

मार्च २००१ मध्ये युगांडाने सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. रोग्यांची संख्या वाढली, विशेषतः गरिबांची. पूर्वी किती जण दाराबाहेर राहिले होते, हे यावरून दिसते. तरी औषधांचा साठा संपला की ती बाहेरच्या दुकानातून विकत घ्यावी लागत. म्हणून गरिबांवरील खर्चाचा भार अपेक्षेप्रमाणे हलका झाला नाही.

थायलंडने २००१ मध्ये निराळी वाट धरली. सरकारने करांतून, नोंदलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम रुग्णालयांना आगाऊ दिली. रोग्याने भेटीला फक्त ३० बात द्यायचे. २००२ मध्ये योजना देशभर पोहोचली. हे साधले, कारण तालुक्याएवढ्या विभागांतूनही रुग्णालये आधीच उभारलेली होती.

यावरून आम्ही एवढेच शिकतो : उपचाराला पैसा लागतोच, पण तो केव्हा आणि कोणाकडून घ्यावा हा खरा प्रश्न आहे. धडधाकट असताना सर्वांनी ऐपतीप्रमाणे भरला, तर आजाऱ्याला दार उघडे राहते. दुखण्याच्या वेळी दाराशी मागितला, तर गरीब मागे फिरतो.

वर्गात विचारावे :
१. नुसते शुल्क रद्द करून युगांडात काय उणे राहिले?
२. आपल्या मंडळीत उपचारासाठी कोणाला दागिना गहाण ठेवावा लागला का? आपल्याला ते केव्हा कळले?