पडदा विकताना मुलांना जवळ बसवा

आई-बाबांनो,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की काही घरांत एक लांबलचक नळकांडं आडवं येतं. तो घरच्या सिनेमाचा पडदा. 2020 च्या टाळेबंदीत कुणी कुणी तो हौसेने घेतला. सगळ्यांनी मिळून सिनेमे पाहिले, क्रिकेट पाहिलं. पुढे मोठा टीव्ही आला, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि पडदा कपाटावर जाऊन पडला. आता तो विकायचा म्हणता, तर जरूर विका. आपल्या मानोऱ्यात, दिग्रस-कारंज्याकडे एखादी शिकवणी, एखादं गणेश मंडळ किंवा तांड्यावरची शाळा त्याच्या शोधात असू शकते. माझं सांगणं एवढंच, की ही विक्री मुलांच्या माघारी उरकू नका.

नफा-तोट्याची गणितं शाळा शिकवते. पण आपल्या वस्तूतली खोट समोरच्याला सांगायची की झाकायची, हे मूल आपल्याकडे बघून ठरवतं. आणि असे प्रसंग घरात रोज येत नाहीत.

सुरुवात विचारण्यापासून करा. पडदा घरातल्या सगळ्यांनी वापरलाय, तेव्हा "विकूया का?" हा प्रश्न मुलांनाही विचारा. एखादी मुलगी म्हणेल, "नको, महिन्यातून एकदा लावूया." तिचं ऐका. कदाचित पडदा राहील आणि सगळ्यांनी एकत्र बसणंही परत सुरू होईल.

विकायचंच ठरलं, तर मापं मुलांना घेऊ द्या. 100 इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 100 इंच. रुंदी-उंचीचं प्रमाण 16:9 असेल तर रुंदी साधारण 221 सेंटिमीटर आणि उंची 125 सेंटिमीटर भरते. पायथागोरस शिकलेल्या मुलाला टेप द्या आणि ताळा करायला सांगा. वहीतलं प्रमेय भिंतीवर खरं ठरताना बघण्यात वेगळाच आनंद असतो.

मग रात्री खोलीत अंधार करा आणि प्रोजेक्टरवरून नुसता कोरा पांढरा प्रकाश पडद्यावर सोडा. दिवसा नजरेला न आलेलं सगळं आता दिसेल. कोपऱ्यातला चहाचा शिंतोडा, कडेचा पिवळेपणा, बोटांचे ठसे. त्यानंतर चौकटी-चौकटींचं चित्र लावा. जिथे सरळ रेघ वाकडी दिसेल, तिथे कापडाला सळ पडलाय. हाताने ओढायचा पडदा असेल तर स्प्रिंग मध्येच अडकते का, तेही पाहा. डाग मऊ कापडाने, सौम्य साबणाच्या पाण्याने हलकेच पुसा. थिनर लावू नका, पांढरा थर खराब होतो. जे निघणार नाही, त्याचा जवळून फोटो मुलांनाच काढू द्या आणि जाहिरातीत तो ठळक जागी टाका.

"पण मग भाव पडेल ना?" मुलं विचारतीलच. आपल्या भागातल्या मुलांना याचं उत्तर चटकन कळतं. सोयाबीनमध्ये ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की भाव तुटतो, हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. वरून कोरडा माल पसरून आत ओला दडवणाऱ्यावर दुसऱ्या वर्षी कोण विश्वास ठेवेल, असं त्यांनाच विचारा. भाव ठरवतानाही आपण तेव्हा किती मोजले ते बाजूला ठेवा. तसा नवा पडदा आज कितीला मिळतो ते मुलांना शोधू द्या आणि तिथून खाली या.

एक सावधगिरी मात्र घराघरांत सांगायलाच हवी. फोनवर कुणी न बघताच भाव कबूल करतो आणि म्हणतो, "क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." ती फसवणूक असते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. हे मुलांकडून पाठ करून घ्या. फसगत झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं, हेही सांगून ठेवा. जाहिरातीच्या फोटोत मुलं दिसणार नाहीत, याची काळजी आपण घ्यायची.

गिऱ्हाईक घरी आलं की पडदा लावून दाखवा आणि डागाबद्दल आधी आपणच बोला. घासाघीस होऊ द्या. मुलांना दोन्ही बाजू ऐकू द्या. सौदा ठरल्यावर संध्याकाळी दुसऱ्याने पाचशे रुपये जास्त देऊ केले, तरी शब्द पहिल्याचाच पाळा. त्या पाचशे रुपयांत तुम्ही मुलांना जे दाखवाल, ते कुठल्याही शिकवणीत विकत मिळणार नाही. पडदा देताना घडी घालू नका, गुंडाळूनच द्या. सात फुटांहून लांब नळकांडं दुचाकीवर न्यायला निघालेल्या माणसाला थांबवा आणि छोटा हत्ती बोलवायला सांगा. पैसे हातात आले म्हणून आपली जबाबदारी तिथेच संपत नाही.

मनासारखा भाव आलाच नाही, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत विचारा. प्रोजेक्टर आहे पण पडदा नाही, असं असेल तर तो तिथे मुलांच्याच हाताने द्या. आणि विकला गेला, तर आलेल्या पैशांचं काय करायचं, तेही सगळ्यांनी बसून ठरवा.

पुढे ही मुलं शेतातला माल विकतील, जुनी गाडी विकतील, दुकान चालवतील. खोट सांगायची की झाकायची, हा प्रश्न तेव्हा त्यांच्यापुढे असेल आणि आपण शेजारी नसू. म्हणून या रविवारी पडदा खाली काढा, टेप शोधा आणि मुलांना हाक मारा.