कार्बनच्या धाग्याला सायझिंग कशासाठी?

प्रश्न : आमच्याकडे सुताला सायझिंग होताना लहानपणापासून पाहतो आहे. कार्बन फायबरच्या धाग्यालाही सायझिंग करतात आणि त्याआधी त्यातून वीज सोडतात, असं कळलं. पोलादाला मागे टाकणाऱ्या धाग्याला हे सोपस्कार कशाला? विणून झाल्यावर ती खळ धुवून काढतात का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. सहसा धुवत नाहीत. सुताची खळ मागावरच्या घर्षणापुरती. काम झालं की ती कापडातून काढायचीच. कार्बनचा धागा राळेत (रेझिनमध्ये) बसवून वस्तू घडवतात, आणि त्याच्यावरचा लेप मात्र त्या वस्तूत कायमचा मुरतो. तो धाग्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का, आणि बहुधा इपॉक्सी नावाच्या राळेचाच असतो. कार्बनचा तंतू पाच ते सात मायक्रोमीटर जाडीचा, ठिसूळ. असे बऱ्याचदा बारा हजार तंतू एका पेडात असतात आणि रुळांवरून जाताना ते तुटून फुलतात. ते सांभाळणं हे लेपाचं एक काम. राळ पेडात नीट झिरपू देणं हे दुसरं.

विजेचं प्रकरण याहून मनोरंजक आहे. कार्बनचा धागा बनवायला ॲक्रिलिकच्या जातीचा धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवतात. कार्बन सोडून जवळजवळ सगळं उडून जातं आणि कार्बनचे थर तंतूच्या लांबीला समांतर लागतात. ताकद येते ती या रचनेमुळे. पण त्याच रचनेमुळे पृष्ठभाग गुळगुळीत आणि रासायनिकदृष्ट्या निरिच्छ होतो. राळेला धरायला तिथे काही उरत नाही. धागा जितका जास्त तापवून ताठ करावा, तितका तो राळेशी फटकून वागतो. लांबीच्या दिशेने ओढलं तर हे फारसं जाणवत नाही. पण वस्तू वाकवली की तिच्यातले धाग्यांचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात आणि तिथेच ती उकलते.

सुरुवातीच्या काळात उपाय होता नायट्रिक आम्लाचा. काम तासन्‌तास चाले, आणि सतत धावणाऱ्या धाग्याला ते परवडणारं नव्हतं. कार्बन स्वतः वीजवाहक असल्याने पुढे सोपी वाट सापडली. पेडालाच धन अग्र करून द्रावणातून ओढायचं, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्सिजन तयार होऊन कार्बनच्या कडांवर हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल असे गट बसतात. काही सेकंद ते मिनिट-दोन मिनिटांत काम होतं. मग धुणं, वाळवणं, लेप. द्रावणासाठी अमोनियम बायकार्बोनेट लोकप्रिय आहे. हो, बिस्किटं फुलवायला बेकरीवाले वापरतात तेच! धाग्यावर थोडं राहिलंच तर तापवल्यावर वायू होऊन निघून जातं, धातूचा अंश मागे उरत नाही.

आता हे ऑक्सिजनचे गट राळेला पकडतात म्हणून जोड पक्का होतो, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच वाटतं. अमेरिकेतले संशोधक लॉरेन्स ड्रझल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रक्रिया केलेल्या तंतूंवरचे हे गट उष्णतेने काढून टाकले, तरी चिकटण्याची बरीचशी क्षमता टिकून राहिली. म्हणजे या प्रक्रियेचं मोठं काम तंतूच्या बाहेरचा कमकुवत थर उतरवणं हे होतं. पोपडे खरवडल्याशिवाय भिंतीला रंग देऊ नये, तसं.

मात्र खरवडणं अती झालं तर तंतूच कमजोर होतो. जोड फारच घट्ट झाला तरीही पंचाईत. राळेत पडलेली भेग तंतूजवळ वळून थांबण्याऐवजी सरळ त्याला कापत जाते आणि वस्तू काचेसारखी तडकते. म्हणून कारखानदार विजेचं प्रमाण जपून ठरवतात आणि ते सहसा सांगत नाहीत.

लेपही राळ पाहून निवडावा लागतो. ‘पीक’ नावाचं प्लॅस्टिक ३४३ अंशांना वितळतं. ते धाग्यात भरताना नेहमीचा इपॉक्सी लेप तग धरत नाही. तिथे उष्णता सोसणारा लेप हवा, नाहीतर कोराच धागा मागवतात, आणि तो विणणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.