ऊब वर जावी, धूर नव्हे

थंड प्रदेशात लाकडाची शेगडी ही चैनीची वस्तू नसून जीवनावश्यक साधन होय. अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हर्मॉन्ट, मेन आदी राज्यांत, तसेच कॅनडात दुमजली लाकडी घरे सर्वत्र आढळतात. तेथे तळमजल्यावर बंदिस्त लोखंडी शेगडी असते आणि शयनगृहे वर असतात. फिलाडेल्फियाचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली आपल्या सुधारित लोखंडी शेगडीचे वर्णन एका पुस्तिकेद्वारे प्रसिद्ध केले. परंतु खालची खोली तापलेली आणि वरची गारठलेली, ही अडचण आजही अनेक घरांत कायम आहे.

उष्णतेचा मार्ग

उष्ण हवा हलकी होऊन वर जाते, हे शालेय विज्ञान सर्वांना ठाऊक आहे. परंतु वरची थंड हवा खाली उतरण्यास वाट नसेल, तर खालची हवाही वर चढत नाही. अभिसरण हे चक्र आहे. त्याला जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही वाटा लागतात. शिक्षकांना हे सहज दाखविता येईल. उबदार व थंड खोल्यांमधील दार किंचित उघडून पेटती उदबत्ती आधी फटीच्या वरच्या टोकाशी आणि मग जमिनीलगत धरावी. वरचा धूर थंड खोलीकडे, तर खालचा उबदार खोलीकडे वळेल.

म्हणूनच मोकळा जिना हा सर्वांत साधा व सुरक्षित उष्णतामार्ग ठरतो. वरच्या खोल्यांची दारे उघडी ठेवावीत. लहान पंखा लावावयाचा झाल्यास तो थंड भागात जमिनीलगत ठेवून त्याचा झोत शेगडीच्या खोलीकडे करावा. थंड हवा ढकलली गेली की तिची जागा घेण्यास उष्ण हवा आपोआप वर सरकते.

धोका कोठे आहे?

काही घरांत तक्तपोशीला भोक पाडून जाळी बसवितात. ऊब त्वरित वर जाते, हे खरे. परंतु आग लागल्यास ज्वाला व विषारी धूर त्याच वाटेने झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतात. यास्तव जाळीत अग्निरोधक झडप आवश्यक आहे. सुमारे ७४ अंश सेल्सिअस तापमानास तिचा धातूचा दुवा वितळतो व झडप मिटते. असे काम स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यांच्या संमतीनेच करावे.

शेगडीच्या तोंडाजवळून हवा खेचणारी नळी वा पंखा कदापि बसवू नये. त्यामुळे खोलीतील दाब घटतो आणि धुराड्याचा धूर उलटा घरात येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, गंध नाही; रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट सहजतेने जखडला जातो. प्रत्येक मजल्यावर या वायूचा व धुराचा इशारा देणारी यंत्रे असावीत. धुराडे दरवर्षी साफ करावे आणि वाळलेलेच लाकूड जाळावे; ओल्या लाकडाने धुराड्यात डांबरासारखा ज्वालाग्राही थर साचतो. संरक्षक पत्रा नसल्यास शेगडी व लाकडी भिंत यांत सुमारे ९० सेंटिमीटर अंतर हवे.

आपल्यासाठी बोध

काश्मीर व लडाखमधील बुखारी याच जातीची आहे. हिमप्रदेशात सेवा बजावणारे महाराष्ट्राचे जवान व तेथे जाणारे पर्यटक यांचा तिच्याशी संबंध येतो. आपल्याकडील थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे तर त्याहून घातक, कारण तिला धुराडेच नसते. डोकेदुखी, मळमळ वा भोवळ जाणवताच दारे उघडून सर्वांनी बाहेर यावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. हिवाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत व शाळेच्या वर्गात एवढे सांगितले गेले, तरी काही घरांतील अनर्थ टळेल. ऊब घरभर फिरावी. धुराला मात्र घराबाहेर जाणारी एकच वाट असावी.