अपघातात हात गेला, तर भरपाई किती?

पितळी भांडी घेऊन नागपूरला निघालेल्या भंडाऱ्याच्या कारागिराचा हात ट्रकच्या धडकेत निकामी झाला, तर तो भरपाईचा दावा भंडाऱ्यातच, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे.

आमचे बांधव दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी पाहून तडजोड करतात आणि तिथेच फसतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० च्या निकालात सुताराचेच उदाहरण दिले आहे: डावा हात गेला, अपंगत्व ६० टक्के, पण कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून आपला धंदा न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावा लागतो. बिले, हिशेबाची वही (तिचा कंटाळा आम्हालाही आहे!), गिऱ्हाइकाची साक्ष, औषधांच्या पावत्या जपा. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्षही वकिलांना घ्यायला सांगा.