शेतीचा अनुभव लिहावा कसा?

शेतकऱ्याचा विश्वास शेतकऱ्यावर लवकर बसतो. पूर्वी एखाद्याचा प्रयोग साधला तर त्याची चर्चा पारावर आणि जिंतूरच्या बाजारात होत असे. आता तीच चर्चा मोबाइलवर होते. अनेक शेतकरी आपला अनुभव स्वतः लिहून गटात पाठवितात. ही चांगली गोष्ट आहे. परंतु यातील बरेचसे लिखाण दोन ओळींच्या पुढे वाचले जात नाही आणि उपयोगाची माहिती वाया जाते. याउलट "एकरी लाखांचा नफा" अशा मथळ्याचे लिखाण सर्वदूर पोहोचते. त्यावर विसंबून कोणी कर्ज काढून तोच प्रयोग करतो आणि अडचणीत येतो. म्हणून आपले लिखाण वाचले जावे आणि वाचणाऱ्याचे नुकसानही होऊ नये, या दोन्ही गोष्टी साधणे आवश्यक आहे. त्यासाठी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

१. वाचणारा कोण, हे आधी ठरवावे

आपला वाचक दिवसभर शेतात राबून संध्याकाळी मोबाइल हातात घेतो. त्याच्या मनात तीन प्रश्न असतात. हे माझ्या रानात जमेल का? खर्च किती येईल? आणि फसले तर काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या लिखाणात मिळतात, ते तो शेवटपर्यंत वाचतो. सत्कार, पुरस्कार आणि पाहुण्यांची नावे यांत त्याला रस नसतो.

२. एका लेखात एकच अडचण घ्यावी

बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि बाजारभाव असे सर्व एकाच लेखात कोंबल्यास काहीच लक्षात राहत नाही. एक अडचण घ्यावी, त्यावर काय केले ते सांगावे आणि परिणाम काय झाला ते लिहावे. उरलेले दुसऱ्या लेखासाठी ठेवावे.

३. सुरुवात अडचणीपासून करावी

पुढील दोन सुरुवाती पाहाव्यात. दोन्ही केवळ नमुन्यादाखल दिल्या आहेत.

पहिली : "सोयाबीन हे मराठवाड्यातील महत्त्वाचे पीक आहे. आमचे गाव निसर्गरम्य असून मला लहानपणापासून शेतीची आवड आहे."

दुसरी : "ऑक्टोबर २०१९ च्या पावसात आमची सोयाबीनची गंजी भिजली. पुढच्या जूनमध्ये पेरणीआधी त्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आठव्या दिवशी मोजले, तर ४२ च उगवले होते."

पहिली सुरुवात खोटी नाही, पण ती कोणत्याही गावाला लागू पडते. दुसरी वाचताच आपल्या घरातल्या पोत्याची आठवण होते आणि पुढे काय केले ते जाणून घ्यावेसे वाटते. वाचकाला थांबविण्यासाठी चमत्कारिक मथळ्याची गरज नसते. त्याचीच अडचण त्याच्यापुढे मांडली की तो थांबतो. मथळाही तसाच असावा. "सोयाबीनची यशोगाथा" यापेक्षा "भिजलेल्या सोयाबीनचे बियाणे पेरावे का?" हा मथळा अधिक वाचला जाईल.

४. जमीन आणि पाणी स्पष्ट सांगावे

येलदरीचेच उदाहरण घेऊ. गाव धरणाचे, म्हणून येथील प्रत्येक रानाला मुबलक पाणी असेल, असा बाहेरच्या वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचे पाणी पायथ्याच्या २२.५ मेगावॉट क्षमतेच्या वीजकेंद्रातून पुढे सिद्धेश्वर धरणात जाते आणि सिंचनाचा कालवा तेथून निघतो. त्यामुळे खाली वसमतकडील कालव्यावरचा शेतकरी आणि जिंतूरच्या माळावरचा कोरडवाहू शेतकरी यांचा हिशेब एक होऊ शकत नाही. "धरण उशाला, कोरड घशाला" अशी स्थिती असणाऱ्याने कालव्यावरची यशकथा वाचून हळद किंवा ऊस लावल्यास उन्हाळ्यात पीक वाळते.

म्हणून जमीन भारी, मध्यम की हलकी आहे, पाणी विहिरीचे, बोअरचे, कालव्याचे की केवळ पावसाचे आहे, आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, हे पहिल्या परिच्छेदातच लिहावे.

५. आकडे पूर्ण द्यावेत

बऱ्याच लिखाणात उत्पादन, उत्पन्न आणि नफा यांची गल्लत झालेली दिसते. शेतातून किती क्विंटल माल निघाला ते उत्पादन, तो विकून आलेले पैसे म्हणजे उत्पन्न, आणि खर्च वजा जाता उरते तो नफा. उत्पन्नालाच नफा म्हटल्यास वाचक फसतो. आकडे देताना पुढील काळजी घ्यावी.

अ) उत्पादन पोत्यांत न देता एकरी क्विंटलमध्ये द्यावे.

ब) घरच्या माणसांची मजुरी, घरचे शेणखत आणि बैलजोडीचे काम यांचाही खर्च धरावा.

क) भाव कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजारात मिळाला ते लिहावे.

ड) प्रयोग किती क्षेत्रावर केला ते सांगावे. दहा गुंठ्यांतील आकड्याला चाराने गुणून एकराचा आकडा देऊ नये.

इ) अनुदान मिळाले असल्यास ते वेगळे दाखवावे.

६. औषधाची मात्रा दोनदा तपासावी

फवारणीबाबत लिहिताना औषधातील मूळ घटकाचे नाव व त्याचे शेकडा प्रमाण द्यावे. मात्रा प्रति लिटर पाण्यासाठी की प्रति पंप, हे स्पष्ट असावे आणि पंप किती लिटरचा तेही लिहावे. येथे एक शून्य जास्त पडले तर दुसऱ्याचे उभे पीक करपते. डब्यावरील माहितीशी ताडून पाहिल्याशिवाय मात्रा पुढे पाठवू नये.

७. फसलेला भागही लिहावा

ज्या लिखाणात सर्व काही सुरळीत पार पडते, त्यावर अनुभवी शेतकरी विश्वास ठेवत नाही. पाऊस लांबला, तुट पडली, मजूर मिळाले नाहीत, भाव पडला, हे जसे घडले तसे लिहावे. पुढच्या वर्षी काय बदलणार, हेही सांगावे. अनेकदा वाचकाला सर्वांत जास्त उपयोग याच भागाचा होतो.

८. भाषा बोलीतील ठेवावी व मोठ्याने वाचून पाहावी

वखरणी, कोळपणी, तिफण, काकर हे शब्द आपल्या वाचकाला पाठ आहेत, तेच वापरावेत. वाक्ये लहान ठेवावीत. लिहून झाल्यावर घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणारा जेथे "म्हणजे काय?" असे विचारील, तेथे दुरुस्ती करावी. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातील मजकूर गावोगावी लोकांना वाचून दाखविला होता. वाचता न येणाऱ्यापर्यंतही तो त्यामुळे पोहोचला. आजही घरात एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, हे विसरू नये.

९. वेळ साधावी

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. आदल्या हंगामात काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाण्याची प्रत खालावली होती. अशा वर्षी उगवण तपासणीचा अनुभव मे महिन्यात वाचनात आला तर बियाणे बदलण्यास वेळ मिळतो. तोच अनुभव जुलैत वाचून केवळ हळहळ वाटते. म्हणून काम सुरू होण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी लेख पाठवावा. उगवणशक्ती ७० टक्के असल्यास एकरी ३० किलो बियाणे लागते, अशी नेमकी माहितीही सोबत द्यावी.

१०. छायाचित्रे

छायाचित्रे दोन-तीनच द्यावीत. हार घातलेल्या फोटोऐवजी उपटलेले झाड, त्याच्या मुळ्या व शेंगा दिसतील असा फोटो काढावा. फोटो पेरणीनंतर कितव्या दिवशी काढला ते लिहावे. दुसऱ्याच्या शेताचा फोटो आपला म्हणून वापरू नये.

शेतकरी बंधूंनो, लेख लिहिण्यासाठी फार शिक्षण लागते असे नाही. वहीत तारीखवार नोंद ठेवलेली असली की अर्धा लेख तयारच असतो. तेव्हा येत्या हंगामात पेरणीच्या दिवसापासून खर्च, पाऊस आणि कामे यांची नोंद ठेवावी आणि हंगाम संपताच एका अडचणीवर दोन पाने लिहून काढावीत. ती वाचून एखाद्या शेतकऱ्याची दुबार पेरणी टळली, तरी लिहिण्याचे श्रम सार्थकी लागतील.