रूपाचे अर्पण : रंग वस्तूचा की डोळ्याचा?



षट्स्थल सिद्धांतात घ्राणाला आचारलिंग, जिव्हेला गुरुलिंग, नेत्राला शिवलिंग, त्वचेला जंगमलिंग, श्रोत्राला प्रसादलिंग आणि हृदयाला महालिंग सांगितले आहे. गंध, रस, रूप, स्पर्श, शब्द आणि तृप्ती हे त्या त्या लिंगाला अर्पावयाचे पदार्थ होत. अर्पणानंतर लाभतो तो प्रसाद. या पाठात आपण केवळ रूपाचा, त्यातही रंगाचा विचार करू. पाहणारा कोणीच नसेल तर रंग असतो काय? आणि नसेल, तर आपण शिवलिंगाला नेमके काय अर्पण करतो?

हैदराबादच्या सुलतान बाजारात माता-भगिनी साडीला जुळणारे ब्लाऊजपीस घेतात, तेव्हाचे पाहा. दुकानातील दिव्याखाली दोन्ही कापडे एका रंगाची दिसतात. तरी जाणती गृहिणी ती घेऊन पायरीवर, उजेडात येते. तेथे एकात जांभळी झाक दिसते, दुसरे विटकरी निघते. कापड तेच, डोळे तेच. बदलला तो फक्त उजेड.

असे का होते? कापडावरून परतणाऱ्या प्रकाशात अनेक लहरींचे मिश्रण असते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी मात्र तीनच प्रकारच्या. त्यामुळे दोन निराळी मिश्रणे एखाद्या दिव्याखाली सारखीच भासतात. न्यूटन यांनी १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, किरण स्वतः रंगीत नसतात. रंगाची जाणीव उत्पन्न करण्याची शक्ती त्यांच्या ठायी असते. मधमाशीला तर आपला तांबडा रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात.

आता रात्र झाली, दुकान बंद झाले, दिवा मालवला. कपाटातील तांबडा शालू तांबडा राहिला काय? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. धागा आहे, रंगद्रव्य आहे, उजेड पडताच विशिष्ट लहरी परतविण्याचा गुण आहे. हे सारे पाहणाऱ्यावाचून आहे. परंतु आपण अनुभवतो तो तांबडेपणा त्या अंधारात कोठेही नाही. वस्तू, प्रकाश आणि पाहणारा या तिघांच्या मेळातून तो प्रकट होतो.

यावर कोणी म्हणेल, मग जग मिथ्याच ठरले! तसे नव्हे. आपले शक्तिविशिष्टाद्वैत जगाला भ्रम म्हणत नाही. शालूतील गुण खरा आहे, म्हणूनच सकाळी दुकान उघडताच तो पुन्हा तांबडा दिसतो. शक्ती सुप्त असणे म्हणजे नसणे नव्हे.

या विचाराचे फळ व्यवहारात आहे. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्या रंगांधतेचे वर्णन केले. इतरांना तांबडे दिसे ते त्यांना तसे दिसत नसे. असा एखादा भक्त आपल्यात असेल, तर त्याचे रूपार्पण उणे ठरेल काय? रंग सर्वस्वी वस्तूतच असता, तर त्याच्या हाती खोटे रूप आले असे म्हणता आले असते. परंतु रूप मेळातून प्रकटते. त्याच्या नेत्राला जे लाभले ते त्याचे पूर्ण रूप आहे. जो दृष्टिहीन आहे तो करस्थलावरील इष्टलिंगाचा स्पर्श जंगमलिंगाला अर्पण करतो. त्याच्या पूजेत काही राहून गेले, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि डोळसांनी तरी अभिमान कशाचा धरावा? वस्तू आपण निर्माण केली नाही, प्रकाश आपला नाही, डोळाही आपण घडविलेला नाही. तिघांच्या मेळातून आलेला अनुभव ‘माझा’ म्हणून भोगणे हा भोग. तोच ज्याचा त्याला देऊन स्वीकारणे हा प्रसाद. नेत्राच्या शिवलिंगाला प्रसादी स्थलाची जोड आहे ती याच कारणाने.

उद्या इष्टलिंगपूजेला बसाल तेव्हा लिंगाच्या काळ्या कांतीवर दृष्टी स्थिर करा. काळे म्हणजे जेथून प्रकाश जवळजवळ परतत नाही ते. तेही आपणांस दिसते! ते दिसणेच प्रथम अर्पण करा, मग दिवसभर जे जे रंग समोर येतील ते.